ओढ्याकाठचा उकिरडा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. सभासद भगिनींच्या इच्छेवरून स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



वर्धापनदिनाच्या भाषणाचा विषय कसा असावा याचा आपल्याकडे एक संकेत आहे. तो मंगल असावा, थोडा बोधप्रद असावा, आणि मागच्या रांगेतल्या मुलांनी चुळबूळ सुरू करण्याच्या आत आटोपावा. यातली तिसरी अट मी पाळीन. दुसरी पाळण्याचा प्रयत्न करीन. पहिलीविषयी मात्र मला थोडे सांगितले पाहिजे, कारण मी आज कचऱ्याविषयी बोलणार आहे.

कचरा हा विषय अमंगल आहे असे आपल्याला वाटते. पण आपल्या वाडवडिलांनी तसे मानलेले दिसत नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो. कित्येक घरांत त्या रात्री सूप वाजवून, केर काढून अलक्ष्मीला घराबाहेर घालवतात. घर झाडल्याखेरीज लक्ष्मी येत नाही ही समजूत आपल्या रक्तातच आहे म्हणा ना. माझा प्रश्न एवढाच आहे की, आपण घराबाहेर घालवलेली ही अलक्ष्मी जाते कोठे? उंबऱ्यापर्यंत तिला पोचवले की आपले काम संपले असे आपण धरून चालतो. पुढचा तिचा मुक्काम पाहायचा असेल तर फार लांब जावे लागत नाही. आपल्या रामनदीच्या काठी गेले म्हणजे पुरे.

रामनदी ही काही पुराणप्रसिद्ध नदी नव्हे. भूगावजवळ खाटपेवाडीच्या बाजूला ती उगम पावते, भूगाव, बावधन, पाषाण, सुतारवाडी, बाणेर अशी वळणे घेत येते आणि औंधजवळ मुळेला मिळते. सगळी लांबी 20 किलोमीटरच्या आतली. पण एवढ्याशा वाटेत तिने केवढा संसार मांडला आहे! तिच्याच पाण्यावर पाषाणचा तलाव झाला. त्या तलावावर पाणपक्षी येतात आणि ते पाहायला दूरदूरची माणसे येतात. तिच्याच काठी सोमेश्वराचे पुरातन मंदिर आहे. तीच नदी आज कित्येक ठिकाणी पाहणाऱ्याला नाला वाटते, आणि एकदा नाला म्हटले की त्यात काय टाकावे याला धरबंध राहत नाही. नाव बदलले की वागणूक बदलते, हे आपण बायकांना कोणी शिकवायला नको.

पूर्वीही माणसे केर टाकीतच होती. प्रत्येक गावाला उकिरडा होता. पण त्या उकिरड्यावर काय पडे? शेण, राख, भाजीची देठे, केळीच्या साली, फुटके मडके. वर्ष-दोन वर्षांत त्याचे खत होऊन ते शेतात जाई. उकिरड्याचेही पांग बारा वर्षांनी फिटतात असे म्हणतात, ते त्या उकिरड्याला शोभणारे होते. आजच्या उकिरड्याचे पांग बारा वर्षांनी काय, आपल्या नातवंडांच्या हयातीतही फिटणार नाहीत. प्लॅस्टिकची पिशवी कुजत नाही. उन्हाने ती चुरते, बारीक बारीक होते आणि मातीत व पाण्यात मिसळून राहते. थर्माकोलचे तेच. घर पाडल्यावर निघालेल्या विटा, फरश्या, सिमेंटचे गठ्ठे, म्हणजे ज्याला आपण राडारोडा म्हणतो, तो तर जिथे टाकला तिथेच बसतो. तो बसला की नदीला तेवढी जागा कमी होते.

ही जागा कमी होणे म्हणजे काय, हे पुणेकरांना नव्याने सांगणे नको. ऑक्टोबर 2010 मध्ये एका रात्रीच्या पावसाने हीच रामनदी फुगून काठच्या वस्तीत शिरली आणि माणसे दगावली. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. मुंबईत 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. एवढ्या पावसाने कोणतेही शहर हादरलेच असते, यात शंका नाही. पण मिठी नदीचे पात्र भराव, बांधकामे आणि कचरा यांनी आवळले गेले होते, त्यामुळे पाण्याला वाट मिळेना. पाऊस आपल्या हाती नाही. पाण्याची वाट मोकळी ठेवणे मात्र आपल्या हाती आहे. पुलाखालच्या मोरीच्या तोंडाशी पिशव्या, चिंध्या आणि एखादी जुनी गादी अडकली की पाणी आडवे पसरते, आणि ते कोणाच्या घरात शिरते? ज्याने गादी टाकली त्याच्या तिसऱ्या मजल्यावर नाही. ते काठच्या पत्र्याच्या घरात शिरते.

पुराखेरीज आणखीही गोष्टी आहेत. टाकून दिलेल्या टायरात आणि करवंट्यांत पावसाचे पाणी साचते. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो; आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, आणि त्याची अंडी कोरड्या टायरात कित्येक महिने टिकून पुढच्या पावसाची वाट पाहतात. शिळे अन्न बांधलेल्या पिशव्या गाई पिशवीसकट गिळतात आणि त्यांच्या पोटात प्लॅस्टिकचा गोळा होतो. टेकडीच्या पायथ्याशी उकिरडा झाला की तेथे भटकी कुत्री वाढतात, आणि कुत्र्यांच्या मागोमाग रानातला बिबळ्या वस्तीकडे येतो. ढीग फार वाढला म्हणून कोणी पेटवून दिला, तर प्लॅस्टिकचा विषारी धूर आपल्याच मुलांच्या छातीत जातो. एका पिशवीची ही सारी वंशावळ आहे.

आता यावर उपाय कोणी करावा? दुसऱ्याची घाण आपण का काढावी, असा प्रश्न आपल्या मंडळातच एका भगिनीने मला केला होता. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मी पुढे देणार आहे. आधी एवढेच सांगते की, हा प्रश्न मनात आणूनही हातात झाडू घेणारी माणसे आपल्या महाराष्ट्रात होऊन गेली. गाडगेबाबा गावात शिरले की आधी गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. सेनापती बापटांसारखा क्रांतिकारक पारनेरला पहाटे रस्ते झाडीत असे. अप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम मागितले. ते त्यांच्या जातीचे काम नव्हे म्हणून नाकारण्यात आले. तेव्हा त्यांनी अन्न वर्ज्य केले, आणि डिसेंबर 1932 मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांना उपवासाने साथ दिली. झाडू मागण्यासाठी उपवास! घाण काढणे हे अमक्याच जातीचे काम, ही समजूत मोडण्यासाठी या माणसांनी झाडू हाती घेतला होता. आपण रविवारी दोन तास हातमोजे घालून काठावर उतरतो, त्याचा अर्थ यापुढे फार लहान आहे. पण वाट तीच आहे.

परदेशातले एक उदाहरण मला फार बोधप्रद वाटते. एस्टोनिया हा युरोपातला चिमुकला देश. लोकसंख्या सुमारे 13 लाख, म्हणजे आपल्या पुण्याहून कितीतरी कमी. तेथे अरण्ये पुष्कळ, आणि त्या अरण्यांत लोक चोरून जुनी लाकडी सामाने, टायर, काच, बांधकामाचा राडारोडा टाकीत. तेथील काही मंडळींनी 2008 साली सारा देश एका दिवसात साफ करण्याचे मनावर घेतले. तुम्हांला वाटेल, त्यांनी लगेच झाडू वाटले असतील. तसे झाले नाही. आधी स्वयंसेवक महिनोन्‌महिने रानोमाळ हिंडले आणि कचऱ्याचे ढीग कोठे कोठे आहेत याची मोबाईल फोनच्या साहाय्याने नोंद करून त्याचा नकाशा तयार केला. अशा हजारो जागा निघाल्या. मग 3 मे 2008 रोजी सुमारे 50,000 माणसे बाहेर पडली आणि पाच तासांत जवळजवळ 10,000 टन कचरा त्यांनी उचलला. पुढे हे लोण देशोदेशी गेले. स्लोव्हेनियात 2010 मध्ये अडीच लाखांहून अधिक माणसे एका दिवसासाठी बाहेर पडली. 2018 पासून जागतिक स्वच्छता दिन पाळला जाऊ लागला, आणि डिसेंबर 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने त्यासाठी 20 सप्टेंबर हा दिवस मान्य केला.

आपल्या मुंबईतही असे घडले. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर 2015 मध्ये अफरोज शाह नावाच्या एका तरुण वकिलाने एका वयोवृद्ध शेजाऱ्यासह कचरा उचलायला सुरुवात केली. दोघांनी आरंभलेल्या कामाला पुढे शेकडो हात लागले. मार्च 2018 मध्ये त्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले दिसली, ही बातमी आपण वाचली असेल. मात्र तेथेही कचरा संपला असे झाले नाही. भरती रोज येते आणि रोज काही ना काही घेऊन येते. सफाईच्या कामात यशाची गोष्ट सांगताना ही दुसरी बाजू लपवू नये, असे मला वाटते.

आता आपल्या काठाविषयी. गेली तीन वर्षे मंडळाच्या काही भगिनी आणि शेजारची तरुण मुले दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दोन तास नदीकाठी काम करीत आहेत. ज्यांना पुढे यात यायचे आहे त्यांच्यासाठी कामाची रीत थोडक्यात सांगते. आधी एक दिवस जागा पाहून येतो. तारखेसह छायाचित्रे काढतो. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला, आणि जागा वनखात्याची असली तर वनखात्याला, कळवतो. गाडी ठरल्याखेरीज काम काढीत नाही. गोळा करून काठावरच ठेवलेली पोती पुढच्या पावसात परत नदीतच जातात. जाड हातमोजे आणि पायांत बूट असल्याशिवाय कोणाला खाली उतरू देत नाही. ढिगाखाली साप-विंचू असतात, म्हणून ढीग आधी काठीने हलवायचा, फावडे आणि दाताळे वापरायचे, हात घालायचा नाही. सुया, औषधाच्या बाटल्या, रसायनाचे डबे दिसले तर त्यांना हात न लावता खूण करून महापालिकेला कळवायचे. पावसाळ्यात पात्रात कोणीही उतरायचे नाही. सर्वांत उपयोगी काम एप्रिल-मेमध्ये होते, कारण पहिल्या लोंढ्याच्या आत पात्र मोकळे व्हायला हवे.

काय काय निघते ते ऐकण्यासारखे आहे. पुलाखाली निर्माल्य निघते, तेही प्लॅस्टिकच्या पिशवीला गाठ मारून टाकलेले. देवाला वाहिलेले फूल पायाखाली येऊ नये म्हणून ते नदीत सोडायचे, ही भावना मी समजू शकते. पण पिशवीसकट फेकलेल्या फुलाचे पावित्र्य कोणते राहिले? संक्रांतीनंतर आपल्याच हळदीकुंकवाच्या वाणातल्या प्लॅस्टिकच्या डब्या निघतात. आणि सर्वांत अधिक निघतो तो राडारोडा.

त्याचीच एक हकीकत सांगते. गेल्या फेब्रुवारीत एका वळणावर आम्हांला ताजा ढीग दिसला. निळ्या फरश्यांचे तुकडे, कडप्प्याची लादी, मोडकी चौकट, सिमेंटची रिकामी पोती. त्यात एक विजेचे बिल सापडले, आणि त्यावर पत्ता होता आपल्याच गल्लीतला. घर आपल्याच एका सभासद भगिनीचे. काठावर तेथल्या तेथे वाद झाला. एकीचे म्हणणे, छायाचित्र काढून मंडळाच्या फलकावर लावा. दुसरी म्हणाली, सरळ तक्रार करा. आमच्या कार्यवाहबाई म्हणाल्या, आधी विचारू या.

आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी स्वयंपाकघर नवे करून घेतले होते. ठेकेदाराचा अंदाजाचा कागद त्यांनी पुढे केला. त्यात राडारोडा उचलण्याची रक्कम स्पष्ट लिहिलेली होती आणि ती त्यांनी पूर्ण दिली होती. ठेकेदाराला गाठले, तर त्याने खेपेमागे ठराविक पैसे ठरवून काम टेम्पोवाल्याला दिले होते. टेम्पोवाल्याला गाठले. त्याने काहीही लपवले नाही. तो म्हणाला, "बाई, मला पैसे खेपेचे मिळतात, वेळेचे नाही. टाकायची खरी जागा लांब आहे. तिथे एक खेप होते तेवढ्यात इथे तीन होतात." नदीची किंमत अशी खेपेच्या हिशेबात ठरलेली होती. घरमालकिणीला वाटले, आपण पैसे दिले. ठेकेदाराला वाटले, आपण काम सोपवले. टेम्पोवाल्याला वाटले, अंधारात कोण पाहते. या साखळीत स्वतःला अपराधी मानणारा एकही माणूस नव्हता, आणि तरी नदीत ढीग पडला होता.

त्या ठेकेदाराने तो ढीग पुढे उचलून नेला, कारण घरमालकिणीने कामाचा शेवटचा हप्ता रोखून धरला. पण त्या भगिनीला हा सारा प्रकार फार लागला. कित्येक दिवस त्या मंडळात आल्या नाहीत. आजही त्या आमच्याबरोबर काठावर येत नाहीत. मात्र त्यांच्या इमारतीत कोणीही घराचे काम काढले की, राडारोडा कोठे टाकला याची पावती पाहिल्याशिवाय ठेकेदाराला शेवटचा हप्ता द्यायचा नाही, ही पद्धत त्यांनीच घालून दिली आहे. आमच्या कित्येक रविवारांनी जेवढे साधले नाही तेवढे या एका पद्धतीने साधले, असे माझे प्रामाणिक मत आहे.

आता मघाचा प्रश्न. दुसऱ्याची घाण आपण का काढावी? माझे उत्तर दुहेरी आहे. एक असे की, ती दुसऱ्याची नाही हे काठावर उतरल्याखेरीज कळत नाही. विजेचे बिल घरी बसून सापडत नसते. दुसरे असे की, नुसती काढीत राहिलो तर आपण चुकीचे काम करीत आहोत. फुकट सफाई करणारी माणसे आहेत असे कळले की टाकणाऱ्याची सोयच होते. म्हणून प्रत्येक सफाईनंतर ती जागा पुन्हा उकिरडा होऊ नये याची तजवीज केली पाहिजे. चोरून टाकणाऱ्याला तीन गोष्टी लागतात: गाडी जाईल अशी वाट, अंधार, आणि कोणाचे लक्ष नसणे. त्या वळणावर आम्ही पाठपुरावा करून दिवा लावून घेतला. टेम्पो वळेल त्या तोंडाशी मोठे दगड बसवून घेतले. सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींना तीच वाट धरायला सांगितले. त्या जागी पुन्हा मोठा ढीग पडलेला नाही. खरे सांगायचे, तर पलीकडच्या वळणावर पडला. म्हणून काम थांबवता येत नाही.

महापालिकेची जबाबदारी आपण उचलावी असेही मी म्हणत नाही. 2016 मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांत बांधकामाचा राडारोडा हा वेगळा वर्ग मानला गेला, आणि तो वेगळा ठेवून ठरलेल्या जागी पोचवण्याचे उत्तरदायित्व तो निर्माण करणाऱ्यावर टाकले गेले. हा राडारोडा दळून त्याची वाळू, खडी आणि पदपथाच्या विटा करता येतात. टाकायची जागा जवळ असली आणि दर परवडणारा असला, तर टेम्पोवाल्याच्या हिशेबात नदी उरणार नाही. तशा जागा वॉर्डावॉर्डांत मागणे हे आपले काम आहे. 1976 मध्ये राज्यघटनेत नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घालण्यात आली. त्यांत वने, सरोवरे, नद्या यांचे रक्षण हे एक आहे. कर्तव्य ज्याच्यावर आहे त्याला जाब विचारण्याचा हक्कही असतोच.

आणखी एक गोष्ट. पुण्यातल्या कचरा वेचणाऱ्या भगिनींनी 1993 मध्ये आपली कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली आणि पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था निघाली. आपल्या दारात येऊन कचरा नेणारी बाई ही त्याच परंपरेतली आहे. आपण ओला-सुका एकत्र करून देतो तेव्हा तो निवडायला तिचे उघडे हात लागतात. वापरलेली पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका करून द्या, एवढे साधे मागणे या भगिनींनी आपल्याकडे केले होते. नदीकाठी जाणे प्रत्येकीला जमणार नाही. गुडघे दुखतात, नातवंडे सांभाळायची असतात. पण हा ठिपका करायला गुडघे लागत नाहीत.

आपल्या मंडळापुढे मी चार गोष्टी मांडते. घराचे काम काढाल तेव्हा राडारोड्याची पावती पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. येत्या संक्रांतीला वाण म्हणून प्लॅस्टिकची वस्तू लुटायची नाही असा मंडळाने ठराव करावा. निर्माल्य पिशवीतून नदीत न टाकता त्याचे खत करावे. ज्यांच्याकडे जागा नाही त्यांच्यासाठी मंडळाच्या आवारात पिंप ठेवावे. आणि चौथी, चोरून कचरा टाकणारी गाडी दिसली तर एकटीने अडवायला जाऊ नका; तिचा क्रमांक आणि वेळ लिहून मंडळाच्या वहीत नोंदवा, तक्रार मंडळाच्या नावाने जाईल. पहिल्या वेळी समज द्यायची, दुसऱ्या वेळी मागे हटायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही सोमेश्वराच्या देवळापाशी जमणार आहोत. हातमोजे मंडळाकडे आहेत. पाण्याची बाटली घरून भरून आणा, आणि ती परत घरी न्यायला विसरू नका.